खंडेनवमीला बंद ठेवलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात दोन गोष्टी सारख्या झटकाव्या लागायच्या, बाहेरून येणारी राख आणि आतून येणारं पीठ. राख थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांची, पीठ दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गिरणीचं. आईचा निम्मा जन्म फडकं हातात घेऊन गेला. वाळत घातलेली साडी आत आणली की ती आधी झटकायची, मग घडी घालायची, आणि घडी घालून ठेवली की तिच्यावर पीठ बसायचं. परळीत राहणाऱ्याला याचं काही वाटत नाही. गिरणी पुढं, मध्ये दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी, असं आमचं घर होतं. पट्टा फिरायला लागला की मधल्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आम्ही घरातली माणसं मोठ्यानं बोलायचो ती त्यामुळं. सासरी आले तेव्हा पहिले सहा महिने सासूबाई मला म्हणायच्या, "अगं, आम्ही बहिरे न्हाईत." गिरणीवाल्याच्या लेकीला हळू बोलता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

गिरणीला दळणाचा एक क्रम असतो. सकाळी दगड धुऊन पुसून झाले की पहिलं उपवासाचं, राजगिरा किंवा भगर. मग गहू, मग ज्वारी, बाजरी सगळ्यात शेवटी, कारण बाजरीवर गहू टाकला तर पोळी काळी होते आणि ती बाई दुसऱ्या दिवशी भांडायला येते. हरभऱ्याची डाळ दळली की मूठभर ज्वारी टाकून दगड साफ करायचे. पण खरा क्रम याच्याही पलीकडचा. कुणाच्या दळणावर आपलं दळण टाकायचं आणि कुणाच्या नाही, हे प्रत्येक बाईच्या डोक्यात पक्कं असायचं. आधीच्या दळणाचं थोडं पीठ दगडात राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात जातं, म्हणून ही सगळी काळजी. मी वजनकाट्याशी पोत्यावर बसायचे आणि हे ऐकायचे. बीएस्सी झालेली, नोकरी नाही, लग्न नाही, म्हणून बसलेली. ऐकायला मात्र लई मिळायचं. दोन जावांचं तर मला अजून आठवतं. वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, एकीचा डबा आला की दुसरी तोंड फिरवायची. पण दोघीही दादांना स्वतंत्रपणे सांगून ठेवायच्या, "माझं तिच्यावरच टाका, तिचं धान्य साफ असतं." बोलणं बंद, पण विश्वास चालू. हे मी लिहिलं.

कुठं लिहिलं, तर कॉम्प्युटरवर. तो सुहासनं जोडून दिला होता. सुहास माझा आतेभाऊ, दादांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. लातूरला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. आमच्याकडं आतेभाऊ म्हणजे अर्धा जावईच, त्यामुळं तो आला की शेजारच्या बाया उगाच खोकायच्या. तसलं काही नव्हतं. पण तो हुशार होता आणि मला त्याचं सांगणं कळायचं, एवढं खरं. त्यानंच मला सांगितलं की आपली वेबसाइट दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायची गरज नसते, घरातलाच कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवला आणि फोनच्या तारेवरचं इंटरनेट घेतलं की जगातला कुणीही येऊन आपलं लिहिलेलं आपल्या घरातून वाचून जाऊ शकतो. "म्हंजे बघ विजया," तो म्हणाला, "वाचणारा इंदुरात बसलेला असला तरी पान तुझ्या या खोलीतनं जाणार." मला ते इतकं आवडलं की मी त्या दिवशी जेवताना दादांना तीनदा सांगितलं. वेबसाइटला एक नाव घ्यावं लागतं, वर्षावर्षाला. ते सुहासनं लातूरहून स्वतःच्या नावानं घेतलं, कारण त्याच्याकडं बँकेचं कार्ड होतं आणि आमच्याकडं नव्हतं. पाटी त्याच्या नावावर, घर माझं. तेव्हा यात वावगं काही वाटलं नाही. घरातलाच माणूस.

मी त्या वेबसाइटचं नाव 'गिरणीवरून' ठेवलं. वर ज्वारीच्या कणसांची नक्षी, खाली गिरणीचा फोन नंबर, जो तसाही बाहेरच्या पाटीवर रंगवलेला होता, आणि प्रत्येक लिखाणाच्या शेवटी माझं नाव, विजया. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडी असायची. कुणी आमचं पान उघडलं की तिच्यात एक ओळ वर सरकायची. एक ओळ म्हणजे एक माणूस घरात येऊन गेला. सुरुवातीला दिवसात दोन-चार ओळी यायच्या, त्यातली एक सुहासची. मग परळीच्या ज्या लेकी लांब दिलेल्या आहेत, जी पोरं पुण्याला, सुरतेला, आखातात गेलीत, त्यांना कुणाकडून तरी कळलं आणि ओळी वाढल्या. मी भाकरी थापता थापता मधेच उठून बघून यायचे. आई म्हणायची, "पाहुणे आले का गं तुझे?" मी सांगायचे, "आले." ती म्हणायची, "मग चहा टाकू का?" आणि स्वतःच हसायची.

खरी मेख विजेची. वीज आमच्या उशाशी तयार व्हायची आणि दिवसातून दोनदा आमच्याच घरातून जायची. वीज गेली की कॉम्प्युटर बंद, माझ्या दारात आलेला माणूस परत. दादांनी हे चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी ते ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन आले, स्वतः खांद्यावर घेऊन. कुणी मागितलं नव्हतं. त्या बॅटरीत पाणी घालायचं काम त्यांनी कायम स्वतःकडं ठेवलं. वीज गेली की गिरणी बंद व्हायची, बाया डब्यांवर बसायच्या, आणि दादा त्यांना आतल्या खोलीकडं हात करून सांगायचे, "आपलं बंद पडलं, पण लेकीचं दुकान चालू हाय." मला एवढं कौतुक दुसऱ्या कुणी कधी केलेलं आठवत नाही. म्हणून तर हे प्रकरण मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा बाजूला ठेवलं. ज्यांनी काही दिलंच नाही, त्यांच्याबद्दल लिहायला सोपं जातं.

पोळ्याच्या आधी माजलगावचं स्थळ आलं. धरणाखालची जमीन, ऊस, घर मोठं. मुलगा, त्याचे वडील आणि काका, असे तिघं आले होते. आईनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेव आणि कोथिंबीर, शिवाय शेंगदाण्याचे लाडू. काकांनी विचारलं, "पोरगी काय करती?" दादा आनंदानं म्हणाले, "कॉम्प्युटरवर लिहिती. लोक वाचत्यात." काकांनी सुशीलेचा घास घेतला आणि विचारलं, "कोण कोण वाचतं?" दादांनी लाडवांची ताटली त्यांच्यापुढं सरकवली. आई आतून पाणी घेऊन आली आणि विषय पावसावर गेला. मी दाराआड उभी होते. मला त्या प्रश्नात काहीच ऐकू आलं नाही. दादांना काय ऐकू आलं ते मला पुढं कळलं.

मग नवरात्र बसलं. देवघरापुढं कडाकण्या टांगल्या, आईचे उपवास सुरू झाले, गिरणीत सकाळी राजगिऱ्याची रांग. खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांना विसावा देतात. त्या दिवशी गिरणीचा पट्टा उतरायचा, दगड धुवायचे, पाने, हातोडी, तेलाची बुधली, वजनकाटा, आईची विळी, सगळं पाटावर मांडून हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. दिवसभर कुठल्याही अवजाराला काम सांगायचं नाही. माझा कॉम्प्युटर या यादीत नव्हता. आदल्या वर्षी आईनं चालू मशीनलाच जाता जाता कुंकवाचं बोट लावलं होतं, अर्धं कुंकू पंख्याच्या जाळीतून आत गेलं, मी ओरडले, आणि तेवढ्यावर त्याची पूजा आटोपली होती.

या वर्षी अष्टमीच्या सकाळी दादा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "विजू, उद्या तुझं मशीन पण पूजेला घे. बंद करून."

"कावून? गेल्या साली चालूच होतं की."

"गेल्या साली चुकलं. ते पण अवजारच हाय. त्याच्यावर तू काम करती. एक दिवस विसावा नको त्याला?"

आता हे वाचणाऱ्याला काय वाटेल माहीत नाही, पण मला भरून आलं. दादांच्या पान्या-हातोडीच्या ओळीत माझं अवजार. म्हणजे मी जे करते ते काम आहे, खेळ नाही, असं आमच्या घरानं देवासमोर मान्य केल्यासारखं झालं. तरी मी म्हणलं, दिवसभर बंद राहिलं तर येणारे परत जातील. त्याचीही सोय झालेली होती. सुहास नवमीच्या जेवणाला आलाच होता. तो म्हणाला, "एका दिवसापुरतं मी माझ्याकडं वळवून घेतो. सगळं मला पेनड्राइव्हवर दे, मी लातूरच्या मशीनवर लावतो. दसऱ्याला परत तुझ्याकडं." मी सगळं दिलं, एकूण एक पान, अजून न टाकलेलीसुद्धा. मग बटण दाबून मशीन बंद केलं. पंख्याचा आवाज थांबला तेव्हा खोली एकदम मोकळी मोकळी वाटली. दादांनी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, या खेपेला बेतानं, आणि नारळ त्याच्यासमोर फोडला. आईनं पुरणपोळी केली होती, कटाची आमटी, भजी. सुहासनं पाच पोळ्या खाल्ल्या. मी त्याच्या पोळीवर स्वतःच्या हातानं तूप वाढलं. ते तूप मला अजून डाचतं.

दसऱ्याला दुपारी मशीन चालू केलं. काळी खिडकी उघडली. एक ओळ नाही. म्हणलं, सणाचा दिवस, लोक सोनं वाटत असतील. दुसऱ्या दिवशीही नाही. सुहासला फोन लावला तर म्हणाला, "वळवलेलं परत फिरायला दोन-चार दिवस लागत्यात, घाई करू नको." ते खरंही असतं, म्हणून मी थांबले. माझ्या मशीनवर पान उघडून बघायचे, तर सगळं जागच्या जागी होतं, कणसं, लिखाण, खाली विजया. पण त्यात एक गफलत होती. घरातल्या मशीनवर ते नाव टाकलं की बाहेर न जाता घरातलंच पान उघडावं, असं सुहासनंच सुरुवातीला करून दिलं होतं, कारण त्याशिवाय आमच्या तारेवर ते उघडतच नव्हतं. त्यामुळं मला जे दिसायचं ते फक्त मलाच दिसायचं.

आठवड्यानं गिरणीतला फोन वाजला. दादा दळत होते, मी घेतला. पलीकडं एक बाई, आवाज आमच्याकडचाच. "परळीचीच लेक हाय मी, इंदूरला दिलीय. ते तुमच्या वेबसाइटवरचं, जावाजावांच्या डब्याचं, वाचलं बगा. रडले मी. माझं नि माझ्या जावंचं असंच हाय." मी म्हणणार होते, ताई, बोला. तेवढ्यात ती म्हणाली, "बाईच्या मनातलं गड्याला इतकं कसं कळतं वो? सुहासभाऊ हायत का? जरा बोलायचं होतं." मी विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "सुहासभाऊ. लिहिणारे." पट्टा फडफडत होता. मी म्हणलं, ते लातूरला असतात. ती म्हणाली, मग त्यांना सांगा. मी बरं म्हणलं आणि फोन ठेवला.

स्टेशन रोडला एक नेट कॅफे होता, तिथं गेले. नाव टाकलं. तीच कणसं, तेच लिखाण, एक काना इकडचा तिकडं झालेला नाही. खाली विजया नव्हतं. सुहास होतं, आडनावासकट, आणि बाजूला त्याचा फोटो, गॉगल लावलेला. न टाकलेली पानंही टाकलेली होती. म्हणजे माझ्या खोलीत माझं नाव होतं आणि खोलीच्या बाहेर सगळीकडं त्याचं. शेजारच्या खुर्चीवरची मुलं क्रिकेटचा स्कोअर बघत होती. मी एक-एक पान उघडत गेले आणि प्रत्येकाच्या तळाशी जाऊन बघितलं.

मला सुहासचा राग आला, पण तो राग साधा होता, चोराचा येतो तसा. घरी येऊन मी दादांना सांगायला गेले, तक्रार घेऊन, हक्कानं, की सुहासनं असं असं केलं, त्याला बोलवून घ्या, जाब विचारा. दादांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग पट्टा बंद केला. दळण अर्धं असताना त्यांनी पट्टा बंद केलेला मी तोवर बघितला नव्हता.

"त्यानं न्हाई केलं," ते म्हणाले. "मी सांगितलं."

मला कळेना. ते म्हणाले, "काढलं न्हाई काही. हाय तिथंच हाय सगळं. नाव तेवढं हलवलं. ते माजलगावचे काका म्हणले, कोण कोण वाचतं. मी काय सांगू? मला ठाव हाय का कोण कोण वाचतं? लगीन व्हायच्या पोरीच्या नावाला कोणीबी हात लावून जावं का?"

"मला विचारायचं होतं, दादा."

"तू हो म्हणली असतीस?"

"न्हाई."

"मग?" दादा म्हणाले.

मी विचारलं, "आणि ती पूजा?" दादांनी मान खाली घातली आणि धान्य ओतायच्या चाडीवर हात फिरवायला लागले. मशीन बंद केल्याशिवाय, आणि सगळी पानं माझ्याच हातानं दिल्याशिवाय, हे जमलं नसतं. म्हणून विसावा. म्हणून माळ. मी आईकडं गेले. ती कणीक मळत होती आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही, त्यावरून कळलं की तिलाही माहीत होतं. "पूजा खोटी न्हवती," ती म्हणाली. "नारळ खरा फोडला, नैवेद्य खरा केला. देवाला काय फसवलं न्हाई आमी." देवाला नाही फसवलं. मी तिथंच उभी राहिले आणि ती मळतच राहिली, मळून झालेली कणीक पुन्हा मळत राहिली.

सुहासला फोन केला तर तो उलट माझ्यावरच चिडला. "मी काय चोरलं का? मामांनी सांगितलं म्हणून केलं. आणि कुणाचंतरी नाव पाहिजेच की, निनावी कोण वाचतं? तू खामखा मनाला लावून घेती. तू लिहीत जा, मी टाकत जाईन." त्याला खरंच वाटत होतं की हे तो उपकारानं म्हणतोय. मी त्यानंतर त्या वेबसाइटसाठी एक ओळ लिहिली नाही. त्यानं स्वतः लिहून बघितलं, पण गिरणीत पोत्यावर बसल्याशिवाय काय लिहिणार? माझी शिदोरी संपली तसं त्याचं बंद पडलं. मग त्यानं त्या पानांचं स्वतःच्या नावानं पुस्तक छापलं. प्रकाशनाला तालुक्याचे पुढारी, हार, फटाके. आमच्या घरी दोन प्रती आल्या. आईनं त्या देवघराशेजारच्या फळीवर ठेवल्या आणि रोज पुसल्या, राख आणि पीठ दोन्ही.

माझं लग्न माजलगावच्याच त्या घरात झालं. माणसं चांगली निघाली. एकदा मी यांना विचारलं, तुमच्या काकांची माझ्या लिहिण्याला हरकत होती का. हे हसायला लागले. म्हणाले, "काका? काका सगळ्यांना सगळं विचारतो. तुमच्या दारातल्या शेळीचं वय पण विचारलं त्यानं, आठवत न्हाई का?" मी हसले नाही. भांडी घासायला गेले. काकांनी मरेपर्यंत मला माझ्या लिहिण्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

मागल्या हिवाळ्यात दादा माझ्याकडं आले होते, डोळ्याच्या ऑपरेशननंतर विसाव्याला. गिरणी कधीच विकली गेलीय, आई जाऊन तीन वर्षं झाली. डोळ्याला हिरवी पट्टी, वाचायची मनाई, म्हणून माझी लेक त्यांना फोनवरनं काहीबाही वाचून दाखवायची. ती वेबसाइट अजून आहे, सुहास वर्षाच्या वर्षाला नाव चालू ठेवतो. एक दिवस तिनं तेच लावलं. दादांनीच सांगितलं असावं. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. तिनं जावाजावांचं वाचलं, दोन डबे, तोंड फिरवणं, 'माझं तिच्यावरच टाका'. दादा ऐकताना मान डोलवत होते, मधे एकदा मांडीवर थाप मारली. संपलं तेव्हा म्हणाले, "लई बारीक ध्यान हाय सुहासचं. गिरणीत कधी बसला न्हाई, पण कसं हेरलं बग."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं, तेच, ट्रॅक्टरची बॅटरी उतरवताना जे होतं ते. आपण काय केलं होतं हे ते विसरले होते, किंवा इतकी वर्षं तसं म्हणता म्हणता तेच खरं झालं होतं. कुठलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी हातातली जुडी खाली ठेवली.

"दादा," मी म्हणलं, "ते मी लिहिलंय."

त्यांनी पट्टीखालून आवाजाच्या दिशेनं मान वळवली. थोडा वेळ विचार केला, मनापासून केला, एवढं मी म्हणेन.

"असल," ते म्हणाले. "पण खाली नाव तर त्याचं हाय."

माझी लेक फोन हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. दादांनी तिचा गुडघा चाचपला.

"वाच की पुढं," ते म्हणाले.